देणाऱ्याने विसरावे, घेणाऱ्याने स्मरावे



श्रींच्या दर्शनासाठी आपण धर्माबाद क्षेत्री आलात. कोणी मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील गाडीने पहाटे उतरला असाल, कोणी गोदातीरी बासरच्या सरस्वतीमातेपुढे लेकराचा अक्षराभ्यास उरकून इकडे वळला असाल, तर कोणी मोंढ्यात मिरचीची पोती उतरवून, हातपाय धुऊन थेट गाभाऱ्यापुढे उभा राहिला असाल. दर्शन झाले, तीर्थप्रसाद घेतला आणि निघताना प्रत्येकाचा हात आपसूक खिशाकडे अथवा पदराच्या गाठीकडे गेला. कोणी दानपेटीत नाणे टाकले, कोणी देणगी कक्षात जाऊन पावती घेतली, कोणी शेतातल्या तुरीची पायली कोठीघरात आणून ओतली.

दर्शनाच्या वेळा, नित्योपचार, भक्तनिवास यांची माहिती या पुस्तिकेत अन्यत्र आहेच. येथे आपण त्या निघतानाच्या एका क्षणाविषयी थोडे चिंतन करू. हातातून दान सुटले, पुढे काय? दाता आणि संस्थान यांचे नाते तेथे संपते, की तेथून सुरू होते?

शास्त्राने दात्याला जो उपदेश केला आहे तो आपण सर्वांनी ऐकलेला आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री, परतफेडीची अपेक्षा न ठेवता केवळ कर्तव्य म्हणून दिले जाते ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेले ते राजस. अवहेलनेने, तिरस्काराने, अपात्री दिलेले ते तामस. या विवेचनाचे सार आपल्या आजी-आजोबांनी एका वाक्यात सांगितले, की दान द्यावे आणि विसरून जावे.

हा उपदेश खरा आहे. परंतु तो देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्यानेही विसरून जावे असे कोठेही सांगितलेले नाही. किंबहुना घेणाऱ्याच्या हाती आल्यावर दानाची विस्मृती झाली तर केवढा अनर्थ ओढवतो, याची एक कथा श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात आली आहे. ती नृगराजाची कथा.

नृग हा इक्ष्वाकूचा पुत्र, दानशूर म्हणून त्रिलोकी गाजलेला. सोन्याने मढविलेल्या शिंगांच्या, चांदीने मढविलेल्या खुरांच्या असंख्य सवत्स गाई त्याने दान दिल्या. त्याच्या दानबुद्धीत काही उणे नव्हते. पण एके दिवशी दान दिलेली एक गाय वाट चुकून पुन्हा राजाच्याच खिल्लारात मिसळली आणि राजाने ती अजाणता दुसऱ्या ब्राह्मणाला दिली. पहिल्याने आपली गाय ओळखली. दोघे भांडत राजद्वारी आले. राजाने गयावया केली, त्या एका गाईच्या बदल्यात लक्ष गाई देऊ केल्या. पण दोघांनीही त्या नाकारल्या आणि दोघेही निघून गेले. पुढे यमधर्माने विचारले, की आधी पुण्य भोगणार की पाप? राजाने आधी पाप मागितले आणि तो कोरड्या विहिरीत सरडा होऊन पडला. कित्येक काळ लोटल्यावर यादवकुमारांना तो दिसला. त्यांच्या दोरांनी तो निघेना. अखेर श्रीकृष्णाने आपल्या डाव्या हाताने त्याला सहज वर काढले, तेव्हा त्याचा उद्धार झाला.

भाविकहो, या कथेत चोर कोणीच नाही. राजाने काही लपविले नाही, काही बळकावले नाही. त्याचा अपराध एवढाच, की कोणती गाय कोणाची याची नोंद राहिली नाही. दान देण्याचा उत्साह मोठा होता आणि दिलेल्याचे भान तोकडे पडले. आणि मग लक्ष गाईंनीही ती एक गाय भरून निघाली नाही, कारण ज्याची ती गाय होती त्याचा विश्वास गेला होता.

देवस्थानाच्या विश्वस्तांनी ही कथा वरचेवर आठवावी, अशी आहे. देवस्थानाकडे दान येते ते विश्वस्तांचे होत नाही. आपल्या परंपरेत त्यास देवस्व म्हणतात, म्हणजे देवाचे धन. आजचा कायदाही याहून निराळे सांगत नाही. भारतीय न्यायव्यवस्थेने देवतेस विधिमान्य व्यक्ती मानले आहे; संपत्ती देवाची आणि विश्वस्त तिचे केवळ राखणदार. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये नोंदणी झालेल्या न्यासास हिशेब ठेवावा लागतो व तो तपासून घ्यावा लागतो. पण कायदा धाक दाखवून हिशेब लिहवून घेतो, आणि धर्म म्हणतो की हिशेब लिहिणे हीच पूजा आहे. अन्नदानासाठी आलेला रुपया रंगरंगोटीला गेला, जीर्णोद्धारासाठी आलेला रुपया उत्सवाच्या मंडपाला गेला, तर रुपया देवाच्याच कामी आला खरा; तरीपण ती नृगाची गाय झाली. दात्याने ज्या संकल्पाने दिले, तो संकल्प मोडला.

हा विचार आपल्या भूमीत किती जुना आहे याची साक्ष पंढरपुरी मिळते. श्रीविठ्ठलाच्या मंदिरात चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून एक शिळा प्रसिद्ध आहे. तिला पाठ घासली असता चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशा श्रद्धेने कित्येक पिढ्यांतील वारकऱ्यांनी तिला पाठ लावली. त्या शिळेवर मंत्र नाहीत. तेथे इसवी सन १२७३ पासून पुढील काही वर्षांत मंदिरासाठी ज्यांनी ज्यांनी द्रव्य दिले, त्यांची नोंद आहे. देवगिरीचा यादवराजा रामचंद्र आणि त्याचा प्रधान हेमाद्री यांची नावे तीत आहेत आणि इतर भक्तांचीही आहेत. ते राज्य गेले, ती नाणी गेली. पण घेणाऱ्याने दगडावर कोरलेले ते स्मरण साडेसातशे वर्षे टिकले. ज्या शिळेला पाठ लावून लोक मुक्ती मागत आले, ती दात्यांची यादी आहे, हे मनात घोळवावे असे आहे.

येथे कोणी म्हणेल, की मग ज्याची रक्कम मोठी त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावली म्हणजे स्मरण झाले. तसे नव्हे. स्मरण कशास म्हणावे, हे मी एका चुकीतून शिकलो. ती चूक आपणांसमोर ठेवतो.

फार वर्षांपूर्वी मी एका संस्थानात सेवेकरी होतो. संस्थानाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गोदाकाठच्या एका खेड्यातून एक वृद्ध शेतकरी दरवर्षी सुगी झाली की येत असत. सोबत पायलीभर तूर आणि टोपलीभर वाळलेली लाल मिरची. कोठीघरात ती ठेवून ते पंगतीत बसत आणि वाढप्यास विचारत, "यंदाची मिरची लई तिखट तर नाही ना झाली?" पावती त्यांनी कधी मागितली नाही आणि आम्ही कधी दिली नाही. एका वर्षी ते आले नाहीत. कोठीघरात तूर दुसरीकडून आली, मिरची दुसरीकडून आली, पंगती उठल्या. कोणाच्याही ध्यानात आले नाही.

त्यापुढील वर्षी संस्थानाने सभामंडपाचे काम काढले. जुन्या वह्यांतून नावे-पत्ते काढून निधीचे छापील आवाहन शेकडो जणांना टपालाने पाठविले. त्यात त्यांच्या गावचा पत्ताही होता. काही दिवसांनी त्यांचा मुलगा ते पत्र हाती घेऊन आला. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, बाबा गेले त्याला वर्ष झालं. आठ महिने अंथरुणाला खिळून होते. गुरुवारी कोणी दाराशी आलं की विचारायचे, देवळातून परसाद आला का? तेव्हा कोणी आलं नाही. आता हे पत्र आलं." एवढे बोलून त्याने एक्कावन्न रुपये पुढे ठेवले आणि म्हणाला, "बाबांच्या नावानं करा."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. आम्ही पावती लिहिली. इतक्या वर्षांत त्या वृद्धाच्या नावाची ती पहिली पावती, आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर. त्या गावची बस दिवसातून दोनदा जात असे. चिमूटभर अंगारा आणि दोन पेढे पाठविणे काही अवघड नव्हते. पण त्यांची तूर आमच्या स्मरणात होती, ते स्वतः नव्हते.

त्या दिवसापासून मी एक नियम धरला आहे आणि जेथे जातो तेथील विश्वस्तांना सांगतो. दात्याच्या दारी पहिल्यांदा जाल ते मागण्यासाठी जाऊ नका. प्रसाद घेऊन जा, कामाचा हिशेब घेऊन जा, घरात कोणी आजारी असेल तर विचारपूस करण्यासाठी जा. ज्याच्याकडे आपण फक्त मागायला जातो, त्याच्याशी आपले नाते उसनवारीचे. आणि एखादा नेहमीचा भक्त दिसेनासा झाला तर, त्याची देणगी का थांबली हे विचारू नका. तो कसा आहे हे विचारा.

आता कायम ठेवीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण अनेक यात्रेकरू या योजनेत सहभागी होत असतात. कोणी आईच्या पुण्यतिथीस, कोणी लेकराच्या वाढदिवशी श्रींस अभिषेक व्हावा म्हणून ठराविक रक्कम देवस्थानाकडे ठेवतो. मुद्दल अबाधित राहते आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी त्या तिथीस अभिषेक होऊन प्रसाद घरपोच जातो. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी दोनशे-पाचशे रुपये ठेवले, त्यांच्या ठेवीच्या व्याजात आज दूध आणि फुलेही येणार नाहीत. काय करावे? अभिषेक बंद करून दात्यास कळवावे, की व्याज पुरत नाही? सज्जनहो, व्याज आटले म्हणून वचन आटत नाही. ज्या दिवशी रक्कम स्वीकारली त्या दिवशी देवस्थानाने देवासमक्ष शब्द दिला. तो शब्द देवस्थानाच्या सामान्य निधीतून पाळावा आणि नवीन ठेवी घेताना मात्र रक्कम विचारपूर्वक ठरवावी. जे निभावता येणार नाही ते स्वीकारू नये. नको म्हणणे हादेखील प्रामाणिकपणा आहे.

आपल्या मराठवाड्याने देण्याची बाजू पाहिली आहे आणि घेण्याचीही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या त्या रात्री, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे मातीच्या ढिगाऱ्याखाली गेली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर देशातून आणि परदेशातून मदतीचा ओघ लागला. तोवर देवाला पायलीभर धान्य देणारा शेतकरी त्या दिवसांत रांगेत उभा राहून दुसऱ्याचे अन्न घेत होता. घेणाऱ्याचा हात किती जड असतो, हे आपल्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्या काळी अनेक संस्था आल्या, मदत देऊन गेल्या. त्यांचे उपकार आहेतच. त्यांतील एक उदाहरण येथे सांगावेसे वाटते. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले पुण्यास नेली, त्यांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था केली. पोत्याने धान्य देणे एका दिवसाचे काम असते. लेकरू हाती घेतले की वर्षे मोजावी लागतात. आज दिले आणि उद्या परतलो, असे तेथे चालत नाही. ज्यांनी त्या कार्यासाठी द्रव्य दिले, त्यांना आपल्या दानाची वाढ डोळ्यांनी पाहता आली. मोठे झालेले मूल हाच त्यांचा हिशेब आणि तीच त्यांची पावती.

विश्वस्तवृत्ती कशी असावी, याचा आदर्श महाराष्ट्रात शोधावयाचा तर श्री संत गाडगेबाबांकडे पाहावे. सन १८७६ ते १९५६ हा त्यांचा जीवनकाळ. हाती खराटा, अंगावर चिंध्या आणि डोक्यावर गाडगे अशा या महापुरुषाने लोकांनी दिलेल्या द्रव्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी आदी ठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दावर जमले. पण त्यांतील एकाही वास्तूवर त्यांनी आपला अथवा आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या साधूवर श्रीमंतांनी आणि गरिबांनी सारखाच विश्वास टाकला. याचे कारण उघड आहे. दिलेला पैसा आपल्या पाहण्यातल्या दगडाविटांत उतरतो आणि मागणारा मात्र होता तसाच झोपडीत राहतो, हे लोकांना दिसत होते. दात्यांशी नाते जोडण्यासाठी याहून मोठी युक्ती नाही.

आणखी एक धडा आपल्या शेजारी नांदेडलाच आहे. सन १७०८ मध्ये श्री गुरू गोविंदसिंहजींनी जेथे देह ठेवला, त्या सचखंड हजूर साहिब क्षेत्री लंगर चालतो. तेथे देणारा केवळ पैसे देऊन दूर होत नाही. तो पोळ्या लाटतो, भांडी घासतो, यात्रेकरूंचे जोडे सांभाळतो आणि त्याच पंगतीत सर्वांबरोबर खाली बसून जेवतो. पैसा घेतला आणि माणूस दाराबाहेर ठेवला, तर तो पाहुणाच राहतो. हाताला काम दिले की तो घरचा होतो. म्हणून ज्यांस शक्य आहे त्यांना देवस्थानाने सेवेची संधी द्यावी. पंगत वाढणे, वृद्धांना हात धरून दर्शनास नेणे, ही कामे पावतीपुस्तकाहून अधिक माणसे जोडतात.

आपले क्षेत्र सीमेवरचे. येथे मराठी भाविक येतात तसे तेलुगू भाविकही येतात. निजामाबादकडील एखादी माउली देणगी कक्षात येऊन आपल्या भाषेत संकल्प सांगते, आणि लिहिणाऱ्याला तो उमगला नाही तर तिच्या वडिलांचे नाव चुकते, तिथी चुकते. तिच्या दृष्टीने ते केवळ एक अक्षर नसते. तिची भाषा समजणारा एक सेवेकरी तेथे बसविणे, नाव तिला वाचून दाखविणे, एवढ्याने ती पुढील वर्षी पुन्हा येते आणि सोबत चार जणींना आणते. पाचशेची नोट देणारा आणि पाचाचे नाणे देणारी, दोघांनाही त्याच आसनावर बसवावे, तोच प्रसाद द्यावा. दशमस्कंधात सुदाम्याचे पोहे मूठभरच होते. द्वारकाधीशाने ते मोजले नाहीत, पुरचुंडी लपवू दिली नाही, ओढून घेतली. पोहे आणणाऱ्याचे पाय आधी धुतले आणि पोह्यांची आठवण मागाहून केली, हा क्रम ध्यानात ठेवावा.

आतापर्यंत घेणाऱ्याचे कर्तव्य सांगितले. पण नाते दोन्ही हातांनी जुळते, म्हणून दात्यांनाही चार शब्द प्रेमाने सांगावयाचे आहेत.

कठोपनिषदात वाजश्रवसाची कथा आहे. त्याने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला, पण दक्षिणेसाठी ज्या गाई काढल्या त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या, चारापाणी घेण्याचेही त्राण नसलेल्या होत्या. बाळ नचिकेताने ते पाहिले आणि तो व्याकूळ झाला. आपल्या घरात जे निरुपयोगी झाले ते देवाच्या दारी आणून टाकणे, हे दान नव्हे. थोडे द्या, पण आपण स्वतः वापरू असे द्या. देताना संकल्प स्पष्ट सांगा. नाव, तिथी आणि कारण व्यवस्थित लिहवून घ्या आणि पावती अवश्य घ्या. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे समजू नका. त्याने लिहिणाऱ्याचाही धर्म राखला जातो. दिलेल्या रकमेचे काय झाले, हे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे आणि उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे. मात्र देणगीच्या बळावर रांग मोडून पुढे जाण्याची, गाभाऱ्यात वेगळा मान मिळण्याची अपेक्षा धरू नका. तशी अपेक्षा धरली की सात्त्विक दान त्याच क्षणी राजस होते, आणि ज्या म्हाताऱ्या बाईच्या पुढे आपण गेलो तिच्या मनात देवस्थानाविषयी किंतु निर्माण होतो.

आणि ज्यांस काही देणे शक्य नाही, त्यांनी संकोच बाळगू नये. दुष्काळात पीक गेले, सोयाबीन पावसात भिजले, घरात दुखणे आले, म्हणून यंदा हात रिकामा आहे अशा कारणाने दर्शन चुकवू नका. रिकाम्या हाताने आलेल्याचीही येथे पंगतीत जागा आहे. जो भक्त दहा वर्षे देत आला आणि अकराव्या वर्षी देऊ शकला नाही, त्याला त्या अकराव्या वर्षी देवस्थान कसे वागविते, यावरूनच आधीची दहा वर्षे त्याला आम्ही भक्त समजत होतो की गिऱ्हाईक, याचा निवाडा होतो.

तेव्हा भाविकहो, आपण येथून निघाल की आपले दान विसरून जा. गोदावरीच्या पाण्यात सोडलेल्या दिव्याकडे जसे आपण मागे वळून पाहत बसत नाही, तसे ते मनातून सोडून द्या. त्याचे स्मरण ठेवण्याचे काम आमचे. आपली तूर कोणत्या पंगतीत वाढली गेली, आपला रुपया कोणत्या कामी लागला, आपल्या आईच्या तिथीस अभिषेक झाला की नाही, हे देवापुढे सांगण्याची जबाबदारी आमच्यावर आहे. त्यात कोठे उणे पडले तर नि:संकोचपणे सांगा. आपण दाखविलेली चूक आम्ही देणगीइतकीच मोलाची मानू.

विहिरीत पडलेल्या नृगास काढण्यासाठी प्रत्यक्ष भगवंतास यावे लागले. आपल्या हातून कोणाची गाय हरवू नये, आणि हरवलीच तर ती शोधण्याची बुद्धी व्हावी, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥ शुभं भवतु ॥